सातवीचं गणित फोनवर कसं शिकवावं?

अकोल्याचे गुरुजी (जुलै २०२०):
जूनमध्ये वर्ष सुरू झालंय, शाळेला मात्र कुलूप. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या सरकारी अभ्यासमालेतला अभ्यास रोज व्हॉट्सॲपवर टाकतो. निम्म्या घरांत साधा बटणांचा फोन, तोही बापाबरोबर शेतावर जातो. पूर्णांक संख्यांवर गाडी अडलीय. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो, हे व्हॉइस मेसेजवर समजावून बघा एकदा! तुम्ही काय करताय?

डोंगरची शाळा:
दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप रेंज असलेल्यांसाठी. मी सोमवारी वाडीवर जाऊन हातानं लिहिलेले स्वाध्याय वाटतो, गुरुवारी गोळा करतो. देवळाच्या ओट्यावर चार-चार पोरं, लांब लांब, तोंडाला फडकं. वरून परवानगी विचारत बसलो नाही.

आठवीची आई:
आमच्याकडे सह्याद्रीवरची 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लावतो. नेट लागत नाही, हे बरं. पण पोरगी म्हणते, टीव्हीला शंका कशी विचारू? सर, सातनंतर फोन करू द्या. तेव्हाच आमचा फोन घरी असतो.

अकोल्याचे गुरुजी:
ताई, सातनंतर पक्कं. कॉन्फरन्सवर तीन-चार पोरं घेतो. अंगणात कोळशानं संख्यारेषा आखायची, शून्यावर उभं राहायचं, डावीकडे दोन-दोन घरं तीनदा सरकायचं. कुठं पोचलात ते ओरडून सांगा म्हणतो. उणे सहा आलं की पुढचं. ऋण गुणिले ऋण मात्र ओट्यावरच घेईन, फोनवर नाही जमायचं.