मुलाखतीत ऐनवेळी डोकं कोरं का होतं?

प्रश्न: सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दोन-दोन वर्षं तयारी केलेली मुलं एमपीएससीच्या मुलाखतीत साध्या प्रश्नाला अडकतात. बाहेर आलं की उत्तर आठवतं! मेंदूत नेमकं काय होतं?

प्रतिसाद १: माहिती पुसली जात नाही, ती बाहेर काढणं अडतं. पहिल्या काही सेकंदांत मेंदूला सावध करणारं रसायन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन उसळतं. ते फार वाढलं की कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग ढेपाळतो आणि प्रश्न मनात धरून उत्तर जुळवणं जमत नाही. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सावकाश चढतं, ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर गाठतं आणि हिप्पोकॅम्पसला, म्हणजे आठवणी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला, जुनी आठवण शोधणं जड जातं. म्हणून दाराबाहेर अर्धा तास धास्तावून बसणं सगळ्यांत घातक. तेच कॉर्टिसॉल शिकल्यानंतर लगेच वाढलं तर मात्र आठवण पक्की होते. अपघात विसरत नाही, त्यामागे हेही एक कारण.

प्रतिसाद २: खरा उपाय अभ्यासाच्या पद्धतीत आहे. पुन्हा पुन्हा वाचू नका. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग ताडून बघा. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या दिवशी पुन्हा तेच. २०१६ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या प्रयोगात असं आठवून शिकलेल्यांची आठवण ताणाखालीही टिकली, नुसतं वाचणाऱ्यांची घसरली.

प्रतिसाद ३: दाराबाहेरच्या त्या अर्ध्या तासासाठी: ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, असं ५ मिनिटं. जास्तीची कॉफी नको, कॅफीनने कॉर्टिसॉल आणखी वाढतं. आत अडकलात तर प्रश्न मोठ्याने पुन्हा म्हणा, म्हणजे तो मनात धरून ठेवायचा भार कमी होतो.