फिरनी सैल राहते, गुलाबाचा वासही टिकत नाही

चारोळी:
दिल्लीकडे मातीच्या वाटीत मिळते तशी फिरनी करायची आहे. एक लिटर दुधाला दोन मोठे चमचे तांदळाची पिठी घेतली, साखर सुरुवातीलाच घातली आणि चार चमचे गुलाबजल उकळत्या दुधात. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही पातळच, वर गाठी. गुलाबाचा वास तर नावालाही नाही. कुठे चुकतंय?

जायफळ:
पिठी नकोच. तिची खळ होते आणि फिरनीत तर कण जिभेला लागायला हवा. एक लिटर फुल क्रीम दुधाला ५० ग्रॅम, म्हणजे पाव वाटी बासमती. धुऊन अर्धा तास भिजवा, निथळून फडक्यावर कोरडा करा आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत बारीक रव्याइतका भरडा. बासमती तुकडा छान चालतो.

दूध उकळून दहा मिनिटं आटवा. भरड अर्धी वाटी गार दुधात कालवा आणि मंद आचेवर ढवळत ओता. सुकी भरड गरम दुधात पडली की वरचा थर लगेच शिजतो, आत पीठ कोरडंच अडकतं. गाठी होतात त्या यामुळे. पुढे २०-२५ मिनिटं तळापासून ढवळत राहायचं, इथे हात थांबवू नका. साखर ९० ग्रॅम, शेवटच्या पाच मिनिटांत. आधी घातली तर ती पाणी धरून ठेवते आणि तांदूळ नीट फुलत नाही. साखर पडल्यावर मिश्रण थोडं सैल होतं, ते ठीक आहे.

पळीच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही की गॅस बंद. तेव्हाही फिरनी पळीतून धारेने पडायला हवी. पातेल्यातच घट्ट केलीत तर गार झाल्यावर वडी पडेल.

वेलदोडा:
गुलाबजलाचा वास वाफेबरोबर जातो, म्हणून ते उकळत्या दुधात कधीच नाही. पातेल्याला हात लावून धरता येईल इतकं कोमट झालं की दोन चहाचे चमचे घाला, ढवळा, चाखा. गार पदार्थात वास दबतो, म्हणून कोमट असताना किंचित जास्त वाटायला हवा. पण चारच्या वर गेलात तर साबण खाल्ल्यासारखं लागतं. वेलची घालायचीच तर चिमूटभर, नाहीतर गुलाब मागे पडतो.

बाटली चेहऱ्याला लावायच्या गुलाबजलाची नको, खायच्या गुलाबजलाची घ्या. लेबलवर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ अंकी परवाना क्रमांक बघा. अत्तरांसाठी प्रसिद्ध कनौजचं ऊर्ध्वपातन केलेलं मिळालं तर उत्तमच. गुलाबाचं सरबत हा पर्याय नाही: त्यात बहुधा सायट्रिक ॲसिड असतं, गरम दूध फाटू शकतं.

चारोळी:
समजलं. मातीच्या नव्या वाट्या तशाच वापरू का?

जायफळ:
नको. घासून धुवा, दोन तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून मग भरा. कोरडी वाटी दूध फार शोषते, कडेची फिरनी सुकून तडकते. भिजवलेली वाटी जास्तीचं पाणी हळूहळू ओढते, म्हणून स्टीलपेक्षा मातीत छान लागते. झाकण ठेवून चार-पाच तास फ्रिजमध्ये. पिस्त्याचे काप मात्र वाढताना घाला, आधी घातले तर मऊ पडतात.