मदत हवी आहे: लिनक्सवर डीव्हीडी ड्राइव्हचा वेग कमी कसा करायचा?

प्रश्नकर्ता
मंडळी, डीव्हीडीवरचा सिनेमा लावला की ड्राइव्ह नुसता घोंघावतो. टर्मिनलमध्ये इजेक्ट कमांडला छोट्या एक्सचा पर्याय देऊन ८ टाकलं, सीडी गप्प झाली. डीव्हीडीला ४ दिलं तर चित्र अडखळतं. डिस्क बदलली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ड्राइव्ह आतला, साटा जोडणीचा.

घरघर
ते ४ सीडीच्या पटीतलं आहे. कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एसआर ड्रायव्हर, म्हणजे सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह चालवणारा भाग, आकड्याला सरळ १७७ ने गुणतो आणि सेकंदाला तेवढे किलोबाइट, असं ड्राइव्हला कळवतो. आत सीडी आहे की डीव्हीडी, हे तो बघतच नाही. म्हणजे तुम्ही मागितले ७०८. डीव्हीडीचा एकपट वेगच १,३८५ आहे, आणि सिनेमाला जास्तीत जास्त १०.०८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १,२६० किलोबाइट लागू शकतात. अडखळणारच.

१६ द्या, २,८३२ होतात. ८ मध्ये (१,४१६) कागदावर भागतं, पण ओरखडा आला आणि तोच भाग परत वाचावा लागला की हाताशी काही उरत नाही. ० म्हणजे कमाल वेग. मोठा एक्स दिला तर चालणाऱ्या वेगांची यादी मिळते, पण काही ड्राइव्ह ती धड देत नाहीत.

प्रश्नकर्ता
१६ वर चित्र नीट चालतंय. पण दुसऱ्या ड्राइव्हवर डीव्हीडीचा आवाज जसाच्या तसा. प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या सीडीरॉमच्या माहितीतही वेग ४८ च दिसतो.

तबकडी
ते ४८ सोडून द्या. ड्राइव्ह ओळखताना एकदा नोंदलेली ती कमाल आहे, चालू वेग नव्हे. खरा वेग डीडी या डेटा कॉपी करणाऱ्या कमांडने मोजा, इजेक्टने वेग बदलण्याआधी आणि नंतर, वाचताना डायरेक्ट फ्लॅग लावून. नाहीतर दुसऱ्या खेपेला कॅशमधलंच (मेमरीत आधी साठवलेलं) वाचलं जातं आणि भलताच आकडा येतो. दोन्ही वेळा डिस्कचा तोच भाग वाचा, कारण फेऱ्या तेवढ्याच असल्या तरी बाहेरच्या कडेला वेग आतल्यापेक्षा दुपटीहून जास्त भरतो.

आकडा हलला नाही, तर तो ड्राइव्ह डीव्हीडी असताना 'सेट सीडी स्पीड' हा हुकूम कानाआड करतोय. कमांड मात्र चूक दाखवत नाही, म्हणून फसायला होतं. अशांना 'सेट स्ट्रीमिंग' हा दुसरा हुकूम लागतो, आणि इजेक्ट तो पाठवत नाही. एमप्लेअर हा व्हिडिओ प्लेअर पाठवतो: त्याच्या डीव्हीडी-स्पीड पर्यायाला २ द्या. इथला २ डीव्हीडीच्या पटीतला, घोळ करू नका.

घरघर
डिस्क बदलली की वेग पुसला जातो, ते तसंच ठरलेलं आहे. यूडेव्हचा (उपकरणांतले बदल टिपून ठरलेली कामं करणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) नियम लिहा: अॅक्शन 'चेंज', कर्नल 'एसआर०' (ड्राइव्हचं नाव), आयडी सीडीरॉम मीडिया १ (म्हणजे आत डिस्क आहे), आणि रनमध्ये इजेक्टची तीच कमांड. इजेक्टचा पूर्ण पाथ लिहा, नुसतं नाव दिलं तर यूडेव्ह ते स्वतःच्याच फोल्डरमध्ये शोधतो. मीडियाची अट गाळू नका. ट्रे उघडल्यावरही 'चेंज' येतो, आणि मग कमांड रिकाम्या ड्राइव्हवर चालते.