मदत हवी आहे: डॉक्टरकी आणि संशोधन, दोन्ही कसं जमवावं?

नमस्कार मंडळी, माझी भाची नागपूरच्या मेडिकलला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट वॉर्डात रोज बघते. एकाच घरातल्या दोघा भावांना हाच आजार, तरी एकाला वारंवार दुखणं आणि दुसऱ्याला फारसा त्रास नाही, असं का, हे तिला शोधायचंय. विदर्भात हा प्रश्न कुणीतरी मनावर घ्यायलाच हवा, असं मलाही वाटतं.

अमेरिकेत १९६४ पासून सरकारी मदतीने एमडी-पीएचडी एकत्र करता येते. साधारण सात-आठ वर्षं लागतात. पण तिथे एमडी ही पहिलीच वैद्यकीय पदवी, आपल्याकडे ती एमबीबीएसनंतरची. त्यामुळे तो हिशोब इथे लागू पडत नाही.

आमचा पेच असा: बंगळूरच्या आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था) सारख्या ठिकाणी एमबीबीएसनंतर थेट पीएचडी करता येते. ती आधी करावी, की 'नीट-पीजी' ही प्रवेश परीक्षा देऊन एमडी? मध्ये पाच वर्षं गेली तर पेशंट तपासण्याचा हात राहतो का? सक्तीच्या सरकारी सेवेचं, म्हणजे बॉन्डचं वर्षही आहेच. घरचे म्हणतात, "आधी एमडी कर, मग बघू." पण मग बघणं राहूनच जातं, ही माझी भीती.

या वाटेने गेलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी गाईड कसा गाठावा, तेही सांगा.