विमा क्लेमची रक्कम कमी आली तर डिस्चार्ज व्हाउचरवर सही करावी का?

बर्डीकर: २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव नि नाग नदीचं पाणी दुकानांत घुसलं, तेव्हापासून हा वाद चालूच आहे. विमा कंपनी मागितल्यापेक्षा कमी मंजूर करते आणि 'फुल अँड फायनल' डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे 'सगळे पैसे मिळाले, आता मागणी नाही' असा कागद, पुढे करते. माझं मत: सही करा, पैसे घ्या, उरलेल्यासाठी भांडा. नुसत्या व्हाउचरने हक्क जात नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये अजमेरसिंग कॉटन प्रकरणात म्हटलंय.

मोजमाप: अर्धाच निकाल सांगितला भाऊ. सही फसवणुकीने किंवा दबावाने घेतली, हे दाखवावं लागतं. २०१४ च्या जीनस पॉवर निकालात मोघम 'दबाव होता' चाललं नाही. सही करायचीच तर व्हाउचरवर 'हरकत राखून' लिहा. लिहू देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल टाका: कोणत्या बाबीत किती कापलं, का मान्य नाही, आणि सर्व्हे रिपोर्टची (नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालाची) प्रत द्या.

आणि कपात दरवेळी चुकीची नसते. विमा कमी काढला तर पैसेही त्याच प्रमाणात, हा अॅव्हरेजचा नियम: दुकानात माल १० लाखांचा, विमा ६ लाखांचा, नुकसान २ लाखांचं, तर हाती १.२० लाखच, त्यातूनही एक्सेस (आपण सोसायचा ठरलेला हिस्सा) वजा. भिजलेला माल सर्व्हेअर यायच्या आधी फेकला, की मोजायला काही उरतच नाही.

बर्डीकर: अॅव्हरेज कबूल. पण सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज चढतंय, पुरवठादार दारात उभा आहे, ही अडचण दबाव नाही का?

मोजमाप: आहे, पण कागदावर आणा ना! बँकेची नोटीस जोडा. नि सीसीसाठी बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट एक आणि क्लेममध्ये माल भलताच, असं असेल तर तिथेच पडाल.

धंतोली_वकील: अपघातातल्या जखमीच्या दाव्याला मात्र बर्डीकरांचा सल्ला अजिबात लावू नका. लोकअदालतीत तडजोड झाली की ती अंतिम, अपील नाही. सहीपूर्वी हिशेब करा. वय ३४, महिना १५,००० कमाई, कमावण्याची क्षमता २०% घटली: १५,००० × १२ × १६ (वयानुसार ठरलेला गुणक) × २०% = ५.७६ लाख. स्वतःचा धंदा असेल तर भविष्यातल्या वाढीचे ४०% धरून ८.०६ लाख. उपचारखर्च, वेदना वेगळ्या. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरची टक्केवारी जशीच्या तशी घेऊ नका. हात गेलेला सुतार आणि हात गेलेला कारकून यांचं नुकसान सारखं नसतं.

बर्डीकर: जखमीचं पटलं. दुकानदाराने मात्र पैसे अडकवून बसू नये, यावर मी ठाम आहे.

धंतोली_वकील: मग हरकतीसह घ्या आणि कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल: ५० लाखांपर्यंत, फी नाही, मुदत एक वर्ष. निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. ग्राहक आयोगाला दोन वर्षं मिळतात, पण तिथे केस चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाही. म्हणून आधी लोकपाल.