मदत हवी आहे : अ‍ॅक्सलच्या ट्यूबमध्ये स्लीव्ह अडकलीय, ना आत जाते ना बाहेर येते

चिखलगाडी :
मंडळी, गाडी स्टँडवर आहे, पुढची दोन्ही चाकं काढलीयत आणि मी शेजारी घण घेऊन बसलोय, तेव्हा टायपिंगच्या चुका पोटात घाला.

जीप रँग्लर जेके, पुढचा अ‍ॅक्सल (दोन चाकांमधला आडवा भाग) डाना ३० मॉडेलचा, टायर ३५ इंची. टायर मोठे टाकल्यापासून पुढच्या ट्यूबची (अ‍ॅक्सलची पोकळ नळी, जिच्यातून चाक फिरवणारा शाफ्ट जातो) धाकधूक होतीच. अजून वाकलेली नाही, मागच्या महिन्यात अलाइनमेंट केली तेव्हा दोन्हीकडचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) ठीक आला, पण वाकल्यावर रडण्यापेक्षा आधीच आतून स्लीव्ह (मजबुतीसाठी ट्यूबच्या आत बसवायची दुसरी नळी) घालून घेऊ म्हटलं, घरीच, कारण काम ऐकायला अगदी सरळ होतं, हब काढा शाफ्ट ओढा टोकाच्या सी (इंग्रजी C च्या आकाराचा, चाकाकडचा भाग धरणारा तुकडा) मधून स्लीव्ह ठोका तोंडाशी वेल्ड मारा आणि झालं.

छोटी बाजू (डिफ, म्हणजे अ‍ॅक्सलमधला गिअरचा गोळा, मध्यात नसतो, म्हणून एकीकडची ट्यूब आखूड) तासाभरात गेली. त्यानेच डोक्यात हवा गेली बहुतेक.

लांब बाजूची स्लीव्ह रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली (घरात काय ऐकून घेतलं ते विचारू नका), ट्यूब आतून पुसली, तेल लावलं आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ठोकायला घेतली. छान टण् टण् जात होती, मग एकदम आवाज ठक् ठक् झाला आणि जागची हलेना. २४ सेंटिमीटर आत आहे, हातभर अजून बाहेर. तरी मी रागात पंधराएक घाव घातले, आता तिचं तोंड जरा फुललंय.

तर विचारायचंय की अजून ठोकू का? की ट्यूब बाहेरून टॉर्चने तापवू? की सरळ बाहेरचा भाग कापून आहे तिथे वेल्ड करू, २४ सेंटिमीटर तर २४, काहीतरी ताकद वाढेलच ना?

तेलकटहात :
आधी घण खाली ठेवा भाऊ.

बाहेरून टेप लावून बघा, सी च्या तोंडापासून २४ सेंटिमीटरवर ट्यूबच्या बाहेर काय आहे?

चिखलगाडी :
स्प्रिंगचा कप (स्प्रिंग बसते ती वाटी) आणि खाली कंट्रोल आर्मचा (अ‍ॅक्सल चासीला धरून ठेवणाऱ्या दांड्याचा) ब्रॅकेट. अगदी तिथेच.

तेलकटहात :
वाटलंच. ते ब्रॅकेट कंपनीत वेल्ड करतात तेव्हा वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि ट्यूबला त्या जागी आत ओढतो. बाहेरून डोळ्याला काही दिसत नाही पण आतला गोल तिथे गोल राहत नाही, किंचित अंड्यासारखा होतो. तुमची स्लीव्ह बरोबर त्या चिमट्यात शिरलीय. छोट्या बाजूला ट्यूबच एवढीशी, तिथे हा खेळ कमी.

आणि कापून तिथेच वेल्ड करायचा विचार तर मनातून काढूनच टाका. चाक बाहेरच्या टोकाला वर ढकलतं आणि स्प्रिंग कपावर खाली दाबते, म्हणजे वाकवणारा जोर टोकापासून वाढत वाढत कपापाशी सगळ्यात जास्त होतो आणि तिथून आत डिफकडे साधारण तेवढाच राहतो. तुम्ही स्लीव्ह कपाखाली संपवणार म्हणजे जिथे जोर सगळ्यात जास्त तिथेच जाड ट्यूब एकदम पातळ होणार. उद्या वाकली तर त्याच रेघेवर वाकेल. त्यापेक्षा स्लीव्ह नसलेली बरी.

लेथवाला :
फ्रीझरबद्दल थोडं बोलतो, कारण हा उपाय सगळे सांगतात पण हिशोब कोणी करत नाही. स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं किंवा आक्रसतं. स्लीव्हचा बाहेरचा व्यास ५० मिलिमीटर धरा. घरचा फ्रीझर उणे १८, बाहेर २५, म्हणजे ४३ अंशांचा फरक, त्यात व्यास कमी झाला ०.०२६ मिलिमीटर. वहीचा कागद ०.१ चा असतो, त्याच्या पाव. ड्राय आइस उणे ७८ वर असतो, त्यात ०.०६ मिळतात. ट्यूब पिचलेली असेल तर यातलं काहीच पुरायचं नाही, शिवाय स्लीव्ह ट्यूबला टेकली की काही मिनिटांत गरम होते आणि जो काय फायदा होता तो अर्ध्या वाटेवर संपतो. तुमचा टण् चा ठक् त्यामुळेही झाला असेल.

टॉर्चचं तसंच. ट्यूब तापवली की चिकटलेली स्लीव्हही तापते, फरक राहतच नाही. वर बॉल जॉइंटचं ग्रीस आणि रबर भाजून निघेल ते वेगळंच.

बाहेर काढा. घणाने आत घालवता येतं, बाहेर ओढायला स्क्रूच लागतो. फुललेलं तोंड ग्राइंडरने सरळ करा, त्यावर जाड प्लेट वेल्ड करा, प्लेटच्या मध्यात आधीच भोक पाडून आतल्या बाजूला नट पक्का केलेला हवा. त्यात जाड आट्यांचा रॉड लावा. बाहेरून एक मोठ्या व्यासाचा पाइप स्लीव्हवर चढवून सी वर टेकवा, पाइपच्या तोंडावर दुसरी प्लेट, तिच्यातून रॉड बाहेर, वर नट. आता नट आवळत जा. समोर उभं राहू नका, सुटते तेव्हा धाडकन सुटते.

शंकासुर :
मी नेहमीप्रमाणे खडा टाकतो. ट्यूबचा बाहेरचा व्यास अडीच इंच, जाडी पाव इंच. आत अजून पाव इंचाची स्लीव्ह घातली की जाडी दुप्पट, पण वाकण्याला विरोध दुप्पट होत नाही, जेमतेम दीडपट होतो, कारण नवीन धातू मध्याच्या जवळ जातो आणि तिथला धातू फारसं काम करत नाही. तोच धातू बाहेरून ट्रस (ट्यूबच्या अंगाला वेल्ड केलेली आधाराची चौकट) म्हणून लावला असता तर कितीतरी जास्त मिळालं असतं. आणि टोकाचे सी वाकतात त्याला स्लीव्हचा काडीचा उपयोग नाही, त्यांना गसेटच (कोनात वेल्ड करायच्या आधाराच्या पट्ट्या) लागतात.

तेलकटहात :
हिशोब बरोबर आहे पण ट्रसला हातभर लांब वेल्ड लागतात आणि ते सगळे ट्यूबच्या एकाच अंगाला, घरी केलं तर वेल्डनेच ट्यूब केळ्यासारखी होते. घरच्या माणसासाठी दीडपट काही वाईट नाही. गसेटचं मात्र मान्य, सी उघडा आहेच तर आत्ताच मारून घ्या.

चिखलगाडी :
अपडेट. निघाली! नट आवळायला पान्यात पाइप घालून लोंबकळावं लागलं आणि सुटली तेव्हा शेजारचे गॅलरीत आले.

स्लीव्हच्या टोकाला वर आणि खाली चकचकीत घासल्याच्या खुणा आहेत, बाजूंना काहीच नाही. मग आतून माप घेतलं, कपापाशी ट्यूब आडवी जेवढी भरते त्यापेक्षा उभी ०.१५ मिलिमीटरने कमी. दीड कागद! एवढ्याशासाठी मी घण घालत होतो.

आता किती खरवडू? सगळी ट्यूब की स्लीव्ह?

लेथवाला :
ट्यूबला लांब दांड्यावर फ्लॅप व्हील (सँडपेपरच्या पाकळ्यांचं चाक) लावून फक्त कपापाशी वर-खाली घासा, परत परत मोजत. उरलेलं स्लीव्हवरून लेथला उतरवा, पण कंजूषपणे. सैल झाली तर ती ट्यूबला कुठे टेकणारच नाही आणि सगळा भार वेल्डवर येईल. टोकाला बोटभर उतार द्या म्हणजे कडेने खणणार नाही. आणि डिफच्या बाजूचं तेलाचं सील कुठे आहे ते मोजून स्लीव्हवर खूण करा, त्याच्या अलीकडेच थांबायचंय. आत ठोकून सील फाटलं तर डिफ उघडून आतलं सगळं बाहेर काढावं लागेल.

चिखलगाडी :
गेली. खुणेपर्यंत. शेवटपर्यंत टण् टण्.

उद्या वेल्ड. बॅटरीची तार काढणार, चाकाच्या सेन्सरच्या वायरी बाजूला करणार, अजून काय?

तेलकटहात :
अर्थिंगचा क्लॅम्प ट्यूबवरच, वेल्डच्या अगदी जवळ लावा, लांब कुठे लावून करंट बेअरिंगमधून फिरवू नका. सी च्या तोंडाशी गोल वेल्ड एका दमात मारू नका, दोन सेंटिमीटर मारायचा, मग समोरासमोरच्या बाजूला दोन, हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. ट्यूबला भोकं पाडून मध्ये वेल्ड भरणार असाल तर तीही वर एक खाली एक अशी. गसेट मारताना बॉल जॉइंट काढलेलेच बरे. आणि मागच्या अलाइनमेंटचा कागद असेल तर शोधून ठेवा, नव्या कॅम्बरशी ताडून पाहिलं की वेल्डने ट्यूब वाकली का ते कळेल.

चिखलगाडी :
कागद सापडला, डॅशबोर्डच्या कप्प्यात होता. नवा कॅम्बर आला की दोन्ही आकडे इथेच टाकतो.