मदत हवी आहे: कीबोर्डवर डावा हात उजव्याच्या मागंच पळायलाय

नमस्कार मंडळी, मी सेलूचा, वय ४३. भजनात पेटी वाजवतो, ती ऐकून ऐकून शिकलेली. आता चार महिन्यांपासून कीबोर्ड शिकायलोय. ६१ की चा आहे, टच सेन्सिटिव्ह (जोरात दाबलं की आवाज मोठा). गावात शिकवणारं कुणी नाही, परभणीला आठवड्यातून जाणं दुकानामुळं जमत नाही, म्हणून रात्री नऊनंतर हेडफोन लावून अर्धा तास बसतो.

अडचण अशी की पेटीत डावा हात कायम भात्यावर, त्यामुळं त्याला सुरांची सवयच नाही. सा-ग-प, म-ध-सा, प-नी-रे हे तिन्ही कॉर्ड (तीन सूर एकदम दाबायचे) डाव्या हातानं नुसते वाजवले तर नीट येतात, उजव्यानं चालही नीट येते, पण दोन्ही एकत्र केलं की उजव्याचा प्रत्येक सूर पडला की डावापण लगेच दाबायलाय, चार मात्रे धरून ठेवा म्हणलं तर दुसऱ्याच मात्रेला उचलतोय. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारा) मिनिटाला ६० वर लावून पाहिला, ४५ वर पण तेच. ऑटो कॉर्डवर (एक की दाबली की कीबोर्डच पूर्ण कॉर्ड वाजवतो) एका बोटानं जमतंय पण मला तसं नाही वाजवायचं, डावा हात खरंच तयार करायचाय.

नोटेशन वाचता येत नाही, सरगम येते. ट्रान्सपोज (बटणानं पट्टी बदलणं) वापरत नाही, सध्या सगळं पांढरी एक या पट्टीतच.

पेटीवरून कीबोर्डवर आलेल्यांनी सांगा, आधी डाव्यानं कॉर्ड धरून उजव्यानं नुसता एकच सूर मात्रेला वाजवायचा, का दोन्ही हातांनी अलंकार (सरगमचे पलटे) सोबत घोटायचे? अर्ध्या तासात कशाला किती वेळ द्यावा?